वीस मिनिटांची कालवड

आमच्याकडे रात्री जेवताना वाद घालायची जुनी पद्धत आहे. पूर्वी विषय असायचे कृष्णेचं पाणी, आमदार आणि हळदीचा दर. हल्ली विषय एकच, चिरंजीवांच्या मोबाइलवरच्या माइनक्राफ्ट या खेळातली जनावरं.

"मम्मी, माझी गाय म्हातारी होऊन मरणार काय गं?"

"गप जेव," मी म्हणाले. पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या भिलवडीकडच्या, उभा जन्म गोठ्यात गेलेला. जनावराचं वय त्या तोंड उघडून सांगतात.

"दात किती झाल्यात तिला? दोन दाती हाय का जुळली?"

पोरानं मोबाइल त्यांच्या नाकापर्यंत नेला. चौकोनी डोकं, चौकोनी डोळे, तोंडाच्या जागी करडा ठोकळा. दाताचा पत्ता नाही.

मग उलटतपासणी सुरू झाली. वळू कुठाय? वळू नसतो आज्जी, दोन गाईंना गहू चारायचा, पत्त्यातल्यासारखे लाल बदाम उडतात, की वासरू हजर. गाभण किती दिस? लगेच. आणि ते वासरू वीस मिनिटांत मोठं होतं. त्या जगातला अख्खा दिवसच वीस मिनिटांचा. आईबाप पाच मिनिटांनी पुन्हा गहू खायला तयार. दुधाला तर व्यायचीही गरज नाही, बादली लावली की भरली. भाकड कधीच होत नाही. एका दिवसात तरुण, पुढं म्हातारपण नाहीच. पडली, बुडाली, लाव्हात गेली तरच मरते. किंवा यानंच तलवार मारली तर.

"मग काय मिळतं?" सासूबाईंनी विचारलं.

"चामडं, आणि..."

मी घाईनं त्याच्या ताटात भाजी वाढली. त्याला नको असलेली, दोडक्याची.

इंजिनिअरिंगला असलेले धाकटे भाऊजी तेवढ्यात ज्ञान पाजळायला बसले. तामागोची हे मुठीत मावणारं, पडद्यावर प्राणी पाळायचं खेळणं म्हणे १९९६ साली जपानात आलं. त्यातलं पिल्लू अंड्यातून निघतं, वाढतं, हेळसांड झाली की मरतं. जपानी पडद्यावर थडगं दिसायचं, अमेरिकन पोरांना मात्र देवदूत. त्याच वर्षीच्या पोकेमॉनच्या खेळात मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा आख्खा मनोरा आहे. पण तुम्ही पाळलेला कितीही वर्षं ठेवा, एक सुरकुती पडत नाही.

मला यात काही नवल वाटलं नाही. पैसे मोजून भाकड गाय कोण घेईल? आणि पोरगं शाळेत गेलं की गाईचा काळ जागच्या जागी थांबतो म्हणे. माझा कुठं थांबतो? दोडका चिरून होईस्तोवर माझं एक वर्ष वाढतं, त्यावर या घरात कधी चर्चा झालेली नाही.

सासूबाईंची शंका मात्र अजून फिटली नव्हती.

"म्हशी किती?"

"म्हशी नाहीत आज्जी त्यात."

"म्हशी न्हाईत?" त्यांचा घास हातातच राहिला. "बरं, शेण कुठं टाकतोस?"

"शेण पडतच नाही."

"मग गव्हाला खत रं?"

"हाडांची पूड. रात्री सांगाडे येतात ना, त्यांना मारलं की हाडं मिळतात."

सासूबाईंनी ताट सरकवलं, पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "याला मेच्या सुट्टीत गावाला धाडून दे. महिनाभर शेण काढू दे."