मर्जच्या सरावाला टीम लागत नाही

संगणक शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे : ‘गिटमधील ब्रँच आणि मर्ज शहरातल्या टीममध्ये, चांगल्या इंटरनेटवरच शिकता येते, गावात एकट्याने फक्त कमिट करावे, मर्जच्या नादात काम उडते.’ दिग्रस तालुक्यातील आमच्या गावातली दोन-तीन मुले हा सल्ला वाचून थांबली, म्हणून हे उत्तर. गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर; कमिट म्हणजे त्यात केलेली बदलाची नोंद, ब्रँच म्हणजे कामाची वेगळी काढलेली शाखा आणि मर्ज म्हणजे दोन शाखा एकत्र करणे.

इंटरनेटचा मुद्दा लवकर निकाली निघतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले ते विकेंद्रित पद्धतीनेच. प्रकल्पाचा इतिहास आपल्याच संगणकावर असतो. नेटवर्क लागते ते क्लोन, फेच, पुल आणि पुश करताना, म्हणजे दुसरीकडून प्रकल्प वा बदल आणताना आणि तिकडे पाठवताना. वीज गेली की आमच्याकडे रेंजही जाते, पण लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत ब्रँच काढणे आणि मर्ज करणे अडत नाही.

टीमचा मुद्दा मात्र मुळातच चुकीच्या समजावर उभा आहे. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोणता बदल ठेवावा हे गिटला न ठरवता येणे, माणसे दोन असल्याने होत नाही. एकाच कमिटपासून फुटलेल्या दोन ब्रँचनी तीच ओळ वेगवेगळी बदलली की होतो. पेरणीची एक साधी फाइल घ्या : कपाशी ४ एकर, सोयाबीन ५, तूर १, आणि प्रत्येक पिकाखाली बियाणे-खताच्या चार-पाच ओळी. एका ब्रँचमध्ये कपाशी ५ करा, मेनवर (मुख्य ब्रँचवर) ३ करा, दोन्हीकडे कमिट करा. मर्ज तिथेच अडेल. (मेनला हातच लावला नाही, तर गिट मेनला नुसते पुढे सरकवते, आणि मुलांना वाटते की मर्ज जमले.)

याहून शिकवणारा प्रयोग दुसरा आहे. मूळ फाइलवरून दोन ब्रँच काढून एकीत कपाशी ५ व सोयाबीन ४, दुसरीत सोयाबीन ४ व तूर २ असे करा. सोयाबीनचा बदल दोन्हीकडे सारखाच असल्याने मर्ज बिनतक्रार होतो आणि १० एकरांच्या शेतात ११ एकर पेरा दिसतो. गिट ओळी जुळवते, हिशेब नाही. हे मला तरी टीमपेक्षा एकट्यानेच नीट उमगले.

काम उडण्याची भीती अर्धी खरी आहे. अडलेला मर्ज ‘गिट मर्ज’ला ‘अबॉर्ट’ जोडून मागे घेता येतो, आणि ब्रँच चुकून पुसली तरी तिच्यावरचे कमिट काही दिवस ‘रिफ्लॉग’मधून (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) शोधता येतात. कमिट न केलेला बदल मात्र तिथे सापडत नाही, म्हणून मर्जआधी काय कमिट करायचे राहिले ते ‘गिट स्टेटस’ने पाहावे.