दृश्य 42 : लेखकाचं बोट

काल रात्री साडेअकराला व्हीएफएक्सवाल्यांची, म्हणजे संगणकावर दृश्यं सजवणाऱ्यांची, यादी आली. मी लिहिलेल्या अंतराळमालिकेच्या सातव्या भागात काय काय पुसायचं, काय चिकटवायचं, त्याची. नटांना टांगणाऱ्या तारा पुसणे. हेल्मेटच्या काचेत दिसणारा कॅमेरा पुसणे. शनीची कडी थोडी कलती करणे. आणि एकोणिसाव्या ओळीत : 'दृश्य 42, फ्रेमच्या डाव्या कडेला लेखकाचं बोट. पुसणे.'

'लेखकाचं' म्हणायची काही गरज होती का? नुसतं 'बोट' लिहिलं असतं तरी पुसलं गेलंच असतं. पण नाही. निर्मात्यांनी ती यादी सगळ्या युनिटला पुढे पाठवली, त्या ओळीला पिवळा रंग फासला आणि शेजारी एक हसरा चेहरा टाकला. चेहऱ्याशेजारी खर्चाचा आकडा. या सीझनमध्ये माझी दीड वर्षं गेली. पडद्यावर माझं म्हणून जे प्रत्यक्ष दिसलं असतं ते एवढंच, सव्वा इंच. तेही आता पैसे मोजून घालवणार आहेत.

बोट तिथं गेलं कसं, ते सांगतो.

आमच्या यानाला सरकती दारं आहेत. कुणी जवळ आलं की दोन झडपा दोन्हीकडे सुर्रकन आत जातात. प्रेक्षकाला वाटतं, काय तंत्रज्ञान! झडपा प्लायवूडच्या आहेत. वर चंदेरी रंग, खाली रूळ, मागे कप्पी, कप्पीत दोरी आणि दोरीच्या टोकाला माणूस. दोन झडपा, दोन माणसं. यात लाजण्यासारखं काही नाही. 1966 साली 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन अंतराळमालिका सुरू झाली तेव्हा त्यांच्या यानाची दारंसुद्धा भिंतीमागची माणसंच ओढत होती, आणि ओढणाऱ्याची वेळ चुकली की कॅप्टनसकट भलेभले बंद दारावर आपटत होते.

तर त्या दिवशी डाव्या झडपेचा माणूस आला नाही. सहायक दिग्दर्शकानं सेटवर नजर फिरवली. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कुणाच्या दिवा, कुणाच्या माइक, एकाच्या काखेत परग्रहवासीयाचं डोकं. माझ्या हातात स्क्रिप्ट होतं, म्हणजे काहीच नव्हतं.

"सर, तुम्ही जरा दारामागे उभे राहता का?"

दारामागे उजव्या झडपेचे काका बसले होते. उपड्या खोक्यावर, एका हातात सुती मोजा, गळ्यात दोरीमध्ये ओवलेला चष्मा. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"कधी ओढलंय?"

"नाही."

"लिहिता ते तुम्हीच ना?"

"हो."

"बरं झालं सापडलात."

आणि त्यांनी खिशातून एक वही काढली. मला वाटलं, यांनीही एखादी कथा लिहिली असणार. सेटवर निम्म्या लोकांकडे एक कथा असते आणि ती ऐकायला लेखक मोकळाच असतो. पण वहीत नुसत्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या.

"दोनशे अकरा," काका म्हणाले. "सात भागांत दोनशे अकरा वेळा तुम्ही लिहिलंय, दार उघडतं. कोण उघडतं?"

"म्हणजे... ते आपोआप..."

"आपोआप," काका म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. कुणाच्या तरी घराण्याचा उद्धार करताना आवाज जसा खाली जातो, तसा गेला होता.

मग माझी शिकवणी सुरू झाली. दारावर एक हिरवा दिवा असतो, तो लागला की ओढायचं, असं सहायक दिग्दर्शकानं मला सांगितलं होतं. काकांनी त्या दिव्याकडे बघायचीच बंदी केली. दिवा लागतो दिग्दर्शकाच्या इच्छेनं, म्हणाले, आणि नट चालतो स्वतःच्या. दार पावलांवर उघडायचं असतं. कॅप्टन आत येताना चौथ्या पावलाला. बाहेर जाताना तिसऱ्या. रागात असेल तर दुसऱ्या.

"आता रागात आहे की नाही ते तुम्ही कंसात लिहिता," काका म्हणाले, "पण तो कंस वाचत नाही. म्हणून पावलं ऐकायची."

डॉक्टरीण बाईंच्या टाचा वाजतात, त्या सोप्या. पायलट पाय ओढत येतो, त्याचं पाऊल कुठलं आणि ओढणं कुठलं हे कळायला एक अख्खा सीझन गेला. परग्रहवासीयांना रबरी पाय असल्यामुळे त्यांचं काहीच ऐकू येत नाही, ते आपटले तर आपटले. काकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. ते पृथ्वीवर आक्रमण करायला आलेले आहेत, त्यांचं आपण किती बघायचं, असा एकूण भाव.

शिवाय दार उघडताना काका तोंडानं आवाज काढतात. "स्सुंऽऽप." ध्वनिमुद्रण करणारा मुलगा रडकुंडीला येतो, कारण तो आवाज प्रत्येक टेकमध्ये येतो आणि नंतर खरवडून काढावा लागतो. काकांचं म्हणणं, आवाज आल्याशिवाय नटाचा दारावर विश्वास बसत नाही, तो खांदा चोरून आत येतो. मला हे सुरुवातीला वेडगळ वाटलं. पण अशा मालिकांमधले आवाज असेच कुठून कुठून येतात. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतलं कालयान प्रकटतं तेव्हाचा तो घरघराट एका माणसानं घराची किल्ली पियानोच्या जाड तारेवर घासून काढला होता. काका तोंडानं काढतात. फरक एवढाच की त्या किल्लीचं कौतुक साठ वर्षं चाललंय.

खरी गंमत पुढे आहे. काकांनी आमच्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. चौदा वर्षं ते दारं ओढतायत, सगळं त्यांना मागून दिसतं, फटीतून, पायांच्या आणि पाठींच्या भाषेत. त्यामुळे पात्रांबद्दल त्यांची मतं स्वतंत्र आहेत.

"तो काळ्या गणवेशातला माणूस चांगला आहे," म्हणाले.

"तो फितूर आहे, काका. पाचव्या भागात यानाचं इंजिन उडवतो."

"उडवत असेल. पण दार पुरतं बंद होईपर्यंत थांबतो. तुमचा कॅप्टन कधी थांबलाय?"

यावर मी काय बोलणार? चार महिने आम्ही चौघे एका खोलीत बसून कॅप्टनच्या स्वभावाचे कंगोरे काढत होतो. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या, पिवळी म्हणजे अपराधभाव, निळी म्हणजे बालपण. माणूस मागे वळून दार बघत नाही, ही एक चिठ्ठी कुणाला सुचली नव्हती.

मग काका सावकाश मोजा काढत म्हणाले, "सहाव्या भागात यानाची वीज जाते."

"हो." तो माझा आवडता भाग आहे. अंधार, श्वासांचे आवाज, थिजत चाललेली माणसं.

"सगळी वीज जाते. दिवे, हवा, सगळं."

"हो."

"तरी दार उघडतं." काकांनी मोजा परत चढवला. "मीच उघडलं."

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदाच लिहितोय. त्या सहाव्या भागाचे अकरा खर्डे झाले. वाहिनीच्या माणसांनी वाचले. आमच्या विज्ञान सल्लागारांनी वाचले, आणि ते गृहस्थ साधे नाहीत. दुसऱ्या भागात कॅप्टन शनीजवळून बायकोशी व्हिडिओवर भांडतो, तर यांनी समासात लिहिलं होतं की पृथ्वीवरून शनीपर्यंत प्रकाशाला सरासरी 80 मिनिटं लागतात. 'तू बदललायस' हे वाक्य पोचायला 80 मिनिटं आणि 'मी नाही, तू' हे परत यायला 80. भांडण तीन वाक्यांचं धरलं तरी चार तास. निर्माते म्हणाले, मग नेटवर्क चांगलं दाखवा. शेवटी एक यंत्र लिहावं लागलं, ज्याचं नाव मलाही पाठ नाही आणि जे म्हणताना पायलटची जीभ तेरा वेळा अडखळली. एवढ्या डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या माणसाला दार दिसलं नाही. दिसलं ते दार ओढणाऱ्याला.

खरं तर याची मला सवय हवी. या प्रकारात जे भव्य दिसतं ते बहुतेक वेळा नड म्हणून जन्माला आलेलं असतं. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं चमचम करत यानातून ग्रहावर प्रकट होतात, ते का? तर दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं. 'डॉक्टर हू'चं यान 1963 पासून निळ्या पोलीस पेटीच्या रूपात अडकून बसलंय. ते जाईल तिथलं रूप घेणार होतं, पण दर गोष्टीला नवं रूप उभं करायला पैसे कुठले, म्हणून गोष्टीतच ते बिघडवून टाकलं. आमचा चौथा भाग संपूर्णपणे यानाच्या लिफ्टमध्ये घडतो. याला धंद्यात बॉटल एपिसोड म्हणतात, म्हणजे असलेल्या सेटवर, असलेल्या माणसांत उरकलेला. कुणीतरी त्यावर लिहीलच, बंदिस्तपणाची केवढी जाण! जाण कसली, तिसऱ्या भागातल्या वाळूच्या वादळात सगळी रक्कम उडाली होती. वादळ सोळा सेकंदांचं आहे.

आणि मुळात दहा भाग होते. दहा लिहिले, दहा मंजूर झाले, मग एका बैठकीत आठ झाले. ती बैठक मला नंतर कळली. दोन भागांतली पात्रं, एक लग्न आणि एक ग्रह मला रविवारी रात्रीतून उरलेल्या आठांत कोंबावे लागले. जुन्या काळी अशा मालिकेच्या एका सीझनला वीस-पंचवीस भाग असायचे. त्यात एखादा भाग फसला तर फसला, पात्रं जरा पाय पसरून बसायची. आता आठ भागांत विश्व वाचवायचं, आणि ते वाचलं की दोन वर्षं सगळे गप्प. 2023 साली अमेरिकेतले पटकथालेखक 148 दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांमध्ये एक अशी होती की मालिका लिहायला किमान अमुक इतके लेखक ठेवा. मी ते वाचून हळहळलो. मी एकटा संपावर गेलो तर ते कुणाच्या लक्षात यायलाच 148 दिवस लागतील.

असो. बोट.

दृश्य 42. कॅप्टनला कळलंय की फितूर कोण आहे, आणि तो नियंत्रणकक्षात येतो. पहिल्या टेकला मी लवकर ओढलं. एक झडप उघडी, एक बंद, आणि मध्ये कॅप्टन अजून सहा पावलं लांब. दुसऱ्याला हिरव्या दिव्याकडे बघितलं. कॅप्टनचं नाक माझ्या झडपेवर आपटलं. चंदेरी रंग नाकाला लागला, मेकअपला वीस मिनिटं. बाहेरून दिग्दर्शकांचा आवाज आला, "डावं दार नवीन आहे का?"

"लेखक आहे," काका ओरडले.

"अच्छा."

हा 'अच्छा' मला अजून रात्री ऐकू येतो. त्यात राग नव्हता. राग परवडला असता. त्यात सगळं समजल्याचं समाधान होतं.

सहा टेक गेले. सातव्याला पावलं आली, पहिलं, दुसरं, आणि मला कळलं, खरंच कळलं, की तो रागात आहे. मी ओढलं. पलीकडून काकांचं 'स्सुंऽऽप' आलं. झडपा एकाच वेळी सरकल्या. पण माझी झडप पुरती आत गेली नाही, चार बोटं बाहेर राहिली. म्हणून मी पाचवं घातलं. कडेला धरून हळूच आत ओढली. कॅप्टननं त्या दिवशी जो काही अभिनय केला तो सबंध सीझनमध्ये केला नसेल. 'कट'नंतर टाळ्या वाजल्या. कॅप्टनला वाजल्या.

काल ती यादी वाचून झाल्यावर मी काकांना फोन लावला. बारा वाजायला आले होते, पण ते जागे होते.

"काका, बोट दिसतंय म्हणे माझं."

"दिसणारच. मी तेव्हाच पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"टेक चांगला होता." जरा थांबून म्हणाले, "चौदा वर्षांत माझं एकही बोट नाही." ते अभिमानानं म्हणाले की कसं, फोनवर मला ठरवता आलं नाही. मग विचारलं, "पुढच्या सीझनला किती दारं?"

बघतो म्हणालो. झोप गेलीच होती, म्हणून लॅपटॉप उघडला. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, पहिलं दृश्य, कॅप्टन एकटा. सवयीनं टाइप केलं, 'दार उघडतं.' थोडा वेळ त्याकडे बघत बसलो. मग खोडलं आणि लिहिलं, 'दार आधीपासून उघडंच आहे.'

बरं वाटलं. पुढचं पान लिहून होत आलं तेव्हा लक्षात आलं, ते दार यानातून बाहेर, अंतराळात जाणारं आहे.