फुडें पळयात!

दिवाळीनंतर गोव्याला जायचं ठरलं तेव्हा माझा प्लॅन अगदी साधा होता, मासे खायचे आणि झोपायचं. पण आंबोली घाट उतरता उतरता आमच्या चिरंजीवांनी मोबाईलमधून मान वर न काढता जाहीर केलं की आश्वे बीचवर सर्फिंग शिकवतात, टोकियोपासून ते ऑलिम्पिकमध्येपण आहे, आणि आजी सोडून आपल्या चौघांचा क्लास त्याने बुक केलाय. माझ्या कार्डावरून.

मीही फार ताणलं नाही. मी गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, काकाने वरून ढकललं होतं, त्यापुढे कमरेएवढ्या पाण्यात फळीवर उभं राहणं म्हणजे काय हो!

पहिली परीक्षा जमिनीवरच होती. अंगाला चिकटणारा लायक्राचा शर्ट. एक हात आत, एक बाहेर आणि डोकं मधेच कुठेतरी अडकलेलं, अशा अवस्थेत मी किती वेळ होतो माहीत नाही, शेवटी बायकोने आणि लेकीने दोन बाजूंनी ओढून उशीला अभ्रा घालतात तसं मला आत बसवलं. एरवी ढगळ शर्टाखाली सुखाने नांदणारं पोट एकदम बोल्डमध्ये छापल्यासारखं दिसायला लागलं.

शिकवणारा पोरगा पेडण्याचाच, विशीतला, काळा कुळकुळीत आणि पोट नावाचा अवयवच नसलेला. त्याने मला पाठमोरं उभं केलं आणि काही न सांगता हळूच ढकललं. तोल सावरायला कुठला पाय पुढे जातो ते बघायचं असतं म्हणे, डावा गेला तर तुम्ही रेग्युलर आणि उजवा गेला तर गूफी. माझा उजवा गेला. "बाबा गूफी आहेत हे आम्हाला आधीपासून माहितीये," इति चिरंजीव.

मग वाळूत बोर्डाची आकृती काढून सराव. पालथं पडायचं, हातांनी पाणी वल्हवल्यासारखं करायचं, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. तो झटका पोरांना होता, माझा मात्र हप्त्याहप्त्याने होत होता, आधी गुडघा, मग दुसरा गुडघा, मग "आई गं", मग मी. आई छत्रीखाली चिवडा खात बघत होती. म्हणाली, "हे तर सूर्यनमस्कार! शाळेत असताना घाल म्हणून किती मागे लागले होते तुझ्या."

समुद्रात जाताना बोर्डाची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणजे पडलात तरी बोर्ड लांब जात नाही. दावं बांधलेल्या बैलासारखा मी नऊ फुटी फोमची ती फळी घेऊन निघालो. सूचना होत्याच, बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, पडताना सूर मारायचा नाही, आडवं पडायचं, वर येताना हातांनी डोकं झाकायचं. पहिली सूचना मी पहिल्याच लाटेला विसरलो आणि बोर्डाने माझ्या बरगडीला तिची आठवण करून दिली.

आता खरी गंमत. पोरगा मागून बोर्ड ढकलायचा आणि ओरडायचा, "काका, फुडें पळयात!" आता मी पुण्याचा माणूस, मला ऐकू आलं "पुढे पळा". मनात म्हटलं असेल बाबा काहीतरी टेक्निक, आणि अर्धवट उभा राहून त्या फळीवर चक्क एक पाऊल पुढे टाकलं. फळीचं नाक पाण्यात, माझं त्याच्यामागून. वर आलो तर तो पुन्हा, "पळयात, पळयात!" मी पुन्हा पळालो. असं चार वेळा! शेवटी लेकच जवळ येऊन म्हणाली, "बाबा, पळय म्हणजे बघ. समोर बघा म्हणतोय तो, तुम्ही पायांकडे बघताय म्हणून पडताय."

तोवर बायको तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली होती. मोठ्या लाटा नव्हत्याच, फुटून फेस झालेल्या लाटांवरच नवख्यांना शिकवतात, पण ती किनाऱ्यापर्यंत उभी आली आणि उतरून केस बांधत म्हणाली, "अरे सोपंय!" लग्नाला सतरा वर्षं झाली, या दोन शब्दांइतकं मला काहीच लागलं नव्हतं.

मीपण शेवटी उभा राहिलो. साधारण 'अरे वा' म्हणायला लागतो तेवढा वेळ. 'वा' पाण्याखाली झालं.

रात्री खांदे इतके भरून आले होते की घास तोंडाकडे न्यायच्या ऐवजी तोंडच घासाकडे न्यावं लागत होतं. हुमण, म्हणजे माशांची आमटी, आलं, मी चव घेतली आणि सवयीप्रमाणे म्हटलं, मीठ कमी आहे. आणि पुढचा घास घ्यायला खाली वाकलो तर काहीही पूर्वसूचना न देता नाकातून दुपारचा अरबी समुद्र धो धो ताटात.

टेबलावर शांतता. बायकोने स्वतःचं ताट हळूच बाजूला सरकवलं.

आई म्हणाली, "बघ आता. झालं का बरोबर?"