भाडेपट्ट्याची मुदत कोणाच्या हातात?

सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत जाहीर केले, की आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खासगी पक्षाला थेट भाडेपट्ट्याने देता यावी, त्यासाठी मंत्रालयाच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत आणि किमान भाडे एकरी वर्षाला 50 हजार रुपये असावे. त्यावरून उठलेला वाद न्यूझीलंडमधून वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. दोन्ही बाजूंचा सगळा जोर ‘जमीन विकली जाणार की नाही’ यावर आहे. इथल्या तारानाकी प्रांतात माओरी या मूळनिवासी लोकांच्या राखीव जमिनीपैकी बरीचशी न विकताच हातची गेली. ती भाड्याने गेली.

1865 मध्ये सरकारने तारानाकीतली सुमारे 12 लाख एकर जमीन जप्त केली. ‘ते व्हिती ओ रोंगोमाई’ आणि ‘तोहू काकाही’ या माओरी नेत्यांच्या पारिहाका गावाने हत्यार न उचलता, गोऱ्यांनी व्यापलेल्या जमिनीवर नांगर घालून विरोध केला. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. त्याच सुमारास साधारण 2 लाख एकर जमीन माओरींसाठी राखीव ठरली, पण ती मालकांच्या हाती न देता ‘पब्लिक ट्रस्टी’ या सरकारी विश्वस्ताकडे सोपवली गेली. मालकांचे हित हा विश्वस्त पाहील असे सांगितले गेले. त्याने ती गोऱ्या शेतकऱ्यांना भाड्याने दिली. 1892 च्या कायद्याने या पट्ट्यांना कायमस्वरूपी रूप दिले. दर 21 वर्षांनी नूतनीकरण, आणि ते करायचे की नाही हे ठरवणार भाडेकरू. मालकाला नकाराचा हक्कच नाही. भाडे जमिनीच्या मूळ किमतीच्या, म्हणजे कुंपण, गोठा, घर वगळून येणाऱ्या किमतीच्या 5 टक्के, आणि पुढच्या 21 वर्षांत त्यात बदल नाही.

या एकाच कलमाने पुढचे सगळे घडवले. महागाई वाढली तरी भाडे जागच्या जागी राहिले. स्वस्त भाड्याचा पट्टा हातात असणे हीच एक मालमत्ता झाली आणि भाडेकरू तो पट्टा एकमेकांना चढ्या भावाने विकू लागले. इकडे मालकांच्या वारसांची संख्या पिढीगणिक वाढत गेली, वाट्याला येणारे भाडे किरकोळ उरले. 1963 मध्ये या जमिनींचे मालकीहक्क एकत्र केले गेले, तेव्हा आपल्या पूर्वजांचा नेमका तुकडा कोणता, ही ओळखही कागदावरून पुसली. 1976 मध्ये मालकांची ‘पारिनिनिही की वैतोतारा’ ही संस्था उभी राहिली आणि कारभार त्यांच्याकडे आला, पण पट्टे तसेच राहिले. 1997 च्या दुरुस्तीने बाजारभावाचे भाडे, ते टप्प्याटप्प्याने आणि दर 7 वर्षांनी फेरआढाव्यासह, मान्य केले. भाडेकरूंना भरपाई मात्र सरकारला द्यावी लागली, कारण त्यांनी पट्टे पैसे मोजून घेतले होते. ही माणसे दुष्ट नव्हती. चार पिढ्या त्याच गोठ्यात दूध काढणारी होती, आणि म्हणूनच चूक दुरुस्त करणे इतके अवघड गेले. कायमस्वरूपी नूतनीकरणाचा हक्क आजही रद्द झालेला नाही. मालकांची संस्था स्वतःच्याच जमिनीवरचे पट्टे बाजारात येतील तसे विकत घेते.

आता महाराष्ट्र. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार 5 वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा बिगर आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी पुरते. शासनाची मान्यता त्याहून लांबच्या व्यवहारांना लागते. म्हणजे मंत्रालयाचा टप्पा काढायचा म्हणजे लांब मुदतीचे पट्टे मोकळे करायचे. वाद खरा या मुदतीवर व्हायला हवा, आणि बातम्यांतून तोच गायब आहे.

‘जमीन पडीक ठेवण्यापेक्षा चार पैसे मिळू द्या, आदिवासीला अजाण समजू नका,’ हा समर्थकांचा मुद्दा मला मान्य आहे. पण मग 50 हजारांचा आकडा नीट तपासा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर 12 वर्षांत त्याची किंमत निम्म्यावर येते आणि 21 वर्षांत पंधरा हजारांच्या आत. दर 3 वर्षांनी फेरआढावा करारातच लिहिला नसेल, तर किमान भाड्याची हमी कागदावरच राहील. नूतनीकरण आपोआप होता कामा नये. मुदत संपली की नवा करार, नवी मंजुरी. शेड, विहीर, बाग यांचे शेवटी काय, हे आधीच ठरवावे, नाहीतर ‘आमच्या गुंतवणुकीची भरपाई द्या, मग जमीन घ्या’ असे भाडेकरू म्हणेल आणि मालकाकडे तेवढे पैसे नसतील. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पट्ट्याची नोंद शेवटच्या तारखेसह हवी.

खाणकामासाठी दिलेला पट्टा या चौकटीत बसतच नाही. शेतीचा पट्टा संपल्यावर शेत परत मिळते, खाणीचा संपल्यावर खड्डा. वरचा मातीचा थर वेगळा साठवणे, खड्डा भरणे आणि त्यासाठी आगाऊ ठेव घेणे, याशिवाय तो करार होऊ नये, आणि शेतीच्या कागदात तर नकोच.

गडचिरोलीत आणखी एक पेच आहे. अनेकांची जमीन वनहक्क पट्ट्याची, म्हणजे वनजमीन कसण्याचा हक्क देणाऱ्या दाखल्याची आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) नुसार तो हक्क वारसाला मिळतो, हस्तांतरित करता येत नाही. अशा जमिनीवर कुणी आगाऊ रक्कम देऊन सही घेतली, तर वादात भरडला जाईल तो वनहक्कधारक शेतकरी.

आणि मंजुरी कोणाची? तारानाकीत सही विश्वस्ताची होती, मालकाची नव्हती. महाराष्ट्रात ती एकट्या जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्यापेक्षा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा आधार घ्यावा. आदिवासींची जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिलेला आहे. 5 वर्षांपुढचा प्रत्येक करार गोंडी, माडिया, ज्या भाषेत गाव बोलते त्या भाषेत ग्रामसभेत वाचला जावा, आणि ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी तो अर्ज दाखलच करून घेऊ नये.