पिल्लू राहू द्या, आधी त्याची आई दाखवा

आज संध्याकाळी लातूरला ट्रॅव्हल्सच्या ऑफिसवर पार्सल घ्यायला गेले होते. क्लीनरनं डिकी उघडली. बॅगा निघाल्या, कुणाचं तरी टायर निघालं आणि सगळ्यात मागून निघाला सुतळीनं बांधलेला केळीचा खोका. चार भोकं पाडलेली. आत लॅबचं, म्हणजे लॅब्रेडॉरचं, पिल्लू. पुण्याहून इथपर्यंत, या उन्हात, डिकीत!

घ्यायला आलेली दोन पोरं व्हिडिओ काढण्यात गुंग. "ताई, पंच फेस आहे, हेवी बोन." म्हणजे तोंड आखूड, हाडं जाड. मी पिल्लू हातात घेतलं. पोट टम्म फुगलेलं आणि पाठीचा मणका न् मणका बोटाला लागत होता. जंतच, दुसरं काय. दात नुकते कुठं टोचायला लागले होते, म्हणजे फार तर महिन्याचं. पोरांना सांगितलं होतं पंचेचाळीस दिवसांचं. "याची आई बघितली का?" म्हटलं, तर मोबाइल पुढं केला. फोटोतल्या लॅबच्या मागं हिरवंगार लॉन आणि उतरत्या छपराचं परदेशी घर. बोला आता.

तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसलेय.

माझे मामा चाकूर तालुक्यात पश्मी सांभाळतात. जानवळ भागातली ही कुत्री तुम्हाला माहीत असतील, सडपातळ, लांब पायांची, कानावर रेशमी केस, ससा दिसला की बाण सुटल्यासारखी. एकदा मी तिथं असताना एक गाडीवाले साहेब आले. रोख पैसे घेऊन. मामा ओट्यावरून उठले नाहीत. एवढंच विचारलं, "कुठं बांधनार?" "गच्चीवर." "दुपारी घरी कोन असतंय?" साहेबांनी बायकोकडं बघितलं, बायकोनं साहेबांकडं. मामा म्हणाले, "मग नाई जमत. च्या घेऊन जावा." साहेब चहा न घेताच गेले. मामी दिवसभर बोलत होत्या, घरी आलेली लक्ष्मी घालवली म्हणून.

माझ्या लेखी ब्रीडर ओळखायची खूण हीच. जो तुम्हाला प्रश्न विचारतो तो बरा. जो फक्त "ॲडव्हान्स टाका, दुसरी पार्टी तयार आहे" म्हणतो, त्याचा नंबर ब्लॉक करा.

मामांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. मैना, म्हणजे त्यांची पश्मी कुत्री, नराला लावली की त्या तारखेला ते पेनानं गोल करतात आणि दोन महिने पुढं दुसरा गोल. वर्षभर बघा, गोलांची एकच जोडी दिसेल. कुत्री साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते, पण मामा एक माज सोडतातच. नर घरचा नाही, नात्यातला तर नाहीच. माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, तिथं चार नर बघणार, त्यांचं चालणं बघणार, मालकाशी तासभर बोलणार, मग कुठं ठरवणार. आणि हे खोकेवाले? प्रत्येक माजाला लावायची, वर्षात दोन वेतं, आटली की रस्त्यावर सोडायची. ती कुत्री कुणाला दिसत नाही, कारण गिऱ्हाईक तिथपर्यंत जातच नाही. "केनेल लांब आहे, हायवेवर भेटू." अहो, लांब असू द्या ना, आम्ही येतो की!

कायदा नाही असं नाही. केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, मादी किमान १८ महिन्यांची पाहिजे, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिपसुद्धा आहे त्यात. आता तुम्ही म्हणाल, मामांकडं कुठाय नोंदणी? नाही. मान्य. चिपही नाही. करून घ्या म्हणून मी मागं लागलेय, ते ऐकत नाहीत.

पण दोन महिन्यांच्या आत पिल्लू त्यांच्या दारातून हलत नाही. आमच्या दाजींनासुद्धा थांबवलं होतं. जावई माणूस, तरी! दाजी रुसले, मामांनी लक्ष दिलं नाही. "आईनं दाबून सांगितलं पायजे आधी, किती चावायचं ते." खरंच आहे. तेव्हा मी बघितलंय, एक पिल्लू जरा जोरात चावलं की मैना त्याचं अख्खं तोंड आपल्या जबड्यात धरायची. दात न लावता. पिल्लू गप. दोन क्षणांनी सोडून द्यायची आणि चाटायची. हे तुमचा कुठला ट्रेनर शिकवणार आहे?

लिहिता लिहिता राग जरा उतरला होता, पण मघाचं एक वाक्य आठवलं. त्या पोरांना विकणाऱ्यानं गॅरंटी दिलीय म्हणे, "मेलं तर दुसरं देतो." मिक्सरय का ते? आणि ते पार्वोनं मेलं तर? पार्वोचा विषाणू अंगणात महिनोन् महिने राहतो. दुसरं पिल्लू त्याच अंगणात आणून सोडणार, तेही लस अर्धवट झालेलं, म्हणजे पुन्हा रक्ताची हगवण, पुन्हा सलाईन, पुन्हा घरातलं लेकरू रडून रडून तापानं फणफणणार. लसीचं कार्ड दाखवलं पोरांनी. त्यावर बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांचा शिक्का नाही, नुसती निळ्या पेनची टिकमार्क.

केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगते, पेपरवर वंशावळ असते, तब्येत नसते. लॅब, जर्मन शेफर्ड घेताय तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. नीट माणूस काढून ठेवतो. दुसरा तुम्हालाच वेड्यात काढतो. आणि ज्याच्याकडं लॅब, पग, हस्की, शिट्झू, वर पर्शियन मांजरही मिळतं, तो ब्रीडर नाही, दुकानदार आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४४ वर जातो आणि इथं लोक हस्की विकतात. घेणाऱ्यांना तर काय बोलावं!

रस्त्यावरचं एखादं घरी आणा म्हणणारे आत्ता कमेंटमध्ये येतीलच. बरोबर आहे तुमचं. आणा.

मामांकडून गेलेला एक पश्मी चार वर्षांनी परत आला होता. मालकाची पुण्याला बदली झाली, फ्लॅटमध्ये नेता येईना. मामांनी पिल्लू देतानाच सांगितलं होतं, नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला देऊ नको, इथं आणून सोड. तो आता गोठ्याशी असतो, म्हातारा झालाय, मामी त्याला दुधात भाकरी कुस्करून घालतात आणि मामांना शिव्या घालतात.

मैना यंदा व्यायची आहे. इनबॉक्समध्ये किंमत विचारू नका, मला माहीत नाही. ज्यांना खरंच पाहिजे त्यांनी गावाकडं जाऊन मामांना भेटा. दुपारी घरी कोण असतं, ते आधी ठरवून जा.