तुरटी धरली

सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय बघून परतताना मी गाडीत जाहीर केलं, की आपणही घरी स्फटिक वाढवायचे. बायकोने खिडकीची काच वर केली. वाऱ्यामुळे आपण काहीतरी भलतंच ऐकलं, असं तिला वाटलं असावं.

खरं तर पुण्याच्या माणसाला हे खूळ लागण्यात गैर काही नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूंचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत खनिजांचं पाणी झिरपत राहिलं, आणि पाषाणला ॲपोफिलाइट नावाचा हिरवा स्फटिक, वाघोलीला कॅव्हन्साइट नावाचा निळाभोर स्फटिक तयार झाला. जगभरचे संग्राहक त्या निळ्यावर जीव टाकतात. मी मात्र इतकी वर्षं वाघोलीत फक्त ट्रॅफिकमध्ये अडकत आलो.

साहित्य फार नाही. तुरटी, गरम पाणी आणि निसर्गात सापडलेली एखादी वस्तू. वस्तूंचा साठा माझ्याकडे होताच. वेताळ टेकडीवरच्या गिरीपुष्पाच्या उकलून पिळवटलेल्या शेंगा, सोसायटीतल्या पेरूची वाळकी फांदी, आणि हर्णैच्या किनाऱ्यावरून आणलेली सुरूची बोंडं. ही बोंडं तीन वर्षं ‘हे टाकू का?’ या प्रश्नाला तोंड देत होती.

दोन किलो तुरटी मागितल्यावर वाण्याने विचारलं, “पाणी गढूळ येतंय का?” मी नाही म्हटलं. मग त्याने माझ्या हनुवटीकडे पाहिलं. मला छातीपर्यंत दाढी आहे. पुढे त्याने काही विचारलं नाही.

साध्या पाण्यात तुरटी लिटरला जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम विरते, तापवलं की कैक पटींनी जास्त. पाणी निवलं की ही जास्तीची तुरटी बाहेर पडते आणि मिळेल त्याला चिकटते. मी लिटरभर पाण्यात अर्धा किलो विरघळवून बोंडं सोडली. ती तरंगली. रात्रभर तरंगली. सकाळी वर कोरडी ठणठणीत बोंडं आणि पातेल्याच्या तळाला तुरटीची फरशी.

दुसऱ्या दिवशी बोंडांना दगड बांधले. पण धीर कुणाला! दर अर्ध्या तासाने चमच्याने उचलून बघायचं, जरा हलवायचं. रात्री बोंडांवर नुसता रवा. आई डोकावली.

“ढवळलंस?”

“थोडंसं.”

“गार होताना ढवळलं की अशीच धरते. बारीक. पाक कधी केला नाहीस ना!”

तेव्हा लक्षात आलं, की या बाईने पन्नास वर्षं स्फटिक होऊ न देण्यात घालवली आहेत. पाकात लिंबू का पिळायचं, तर आंबट पडलं की साखर फुटते आणि पुन्हा एकत्र यायला मागत नाही. मोरांबा, काकवी, गुलाबजाम, सगळीकडे तिची तीच लढाई. “आणि खडीसाखरेत दोरा निघतो, तो काय कचरा असतो?” मी आजवर कचरा समजूनच थुंकत आलो होतो. “अरे, त्यालाच तर धरते ती.”

एरवी आमच्याकडे काय धरत नाही? बोअरच्या पाण्याने तोट्या पांढऱ्या, गीझरची कॉइल पांढरी, थंडीत मधाचा दगड. कामाच्या मावशी रोज त्याच्याशी झुंजतात. म्हणूनच तिसऱ्या खेपेला, जेव्हा फांदीवर खरोखर टपोरे खडे धरले, तेव्हा संध्याकाळी त्यांनी अभिमानाने सांगितलं, “दादा, पातेल्यात काटक्या पडल्या होत्या, टाकल्या. पण क्षार केवढा! दोन लिंबं गेली.” पातेलं आरशासारखं लखलखत होतं. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

चौथ्या खेपेला आईने सूत्रं हातात घेतली. शेंगांना आणि पेरूच्या नव्या फांदीला तुरटीची पूड ओल्या बोटाने चोळली. “हे विरजण.” पातेलं जुन्या शालीत गुंडाळलं, सावकाश निवावं म्हणून. “सकाळपर्यंत बघायचं नाही.” मावशींना वेगळी ताकीद.

सकाळी शाल सोडली. शेंगेच्या पिळात, जिथून बिया उडून गेल्या होत्या नेमक्या त्या खळग्यांत, हरभऱ्याएवढे खडे बसले होते. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवावेत तसे, प्रत्येकाला आठ पैलू. बायको म्हणाली, “हं.” आमच्याकडे याहून मोठी दाद नाही. कोरड्या हवेत तुरटीतलं पाणी उडून ती पांढुरकी पडते, म्हणून तिच्याच पारदर्शक नेलपॉलिशचे हात दिले. शेंगा झाल्या, बोंडं झाली. फांदीपर्यंत बाटली पुरली नाही.

जूनच्या पहिल्या पावसात नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. ऑफिसातून आलो तर आई पिंपापाशी उभी. हातात माझी फांदी, निम्मी टक्कल पडलेली.

“खडा मेला हातातून निसटतो,” ती फांदी फिरवत म्हणाली. “याला दांडी बरी केलीस. आणखी दोन करून ठेव.”