तीसच्या पाटीनं पुणं थांबणार नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर आठवडाभर फिरतोय: शहरात ताशी ३० ची मर्यादा आणली तर ऑफिसला पोचायला दुप्पट वेळ लागेल, पेट्रोल जास्त जळेल, अपघात मात्र तेवढेच होतील, कारण ते खड्ड्यांमुळे होतात, हा सगळा दंडवसुलीचा डाव आहे.

आधी वेळेचं बघू. वाहतुकीची आकडेवारी ठेवणाऱ्या टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागली. म्हणजे ताशी १८. मग पाटी हवीच कशाला, असं कुणी विचारेल. कारण १८ ही सरासरी आहे. नळ स्टॉपच्या सिग्नलला शून्य, पुढच्या मोकळ्या तुकड्यात पन्नास, परत शून्य. तो पन्नासचा तुकडा आपल्याला पुढच्या लाल दिव्यापाशी जरा लवकर नेऊन उभा करतो, एवढंच. पेट्रोलही तिथंच जातं: वेग घ्यायचा आणि ब्रेक मारून घालवायचा. (न थांबता चालली तर पन्नासला अ‍ॅव्हरेज चांगलं मिळेल, मान्य. पण कर्वे रस्त्यावर सलग पन्नासनं जातं कोण? पहाटेचे दूधवाले सोडून.)

खड्ड्यांची बाजू मी घेणार नाही. पण खड्डा दिसून गाडी वळवायलाही वेळ लागतो, आणि तो वेगच खातो. माणूस आडवा आला तर हिशोब आणखी कडक. पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ३० ची गाडी साधारण १३ मीटरवर उभी राहते. ५० ची गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक अजून लागायचाय. १४ मीटरवर रस्ता ओलांडणारी आजी पहिल्या ड्रायव्हरला चार शब्द सुनावते. दुसऱ्याची गाडी तिला पूर्ण पन्नासच्या वेगानं धडकते.

फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत तिथं रस्ते अपघातात एकही माणूस गेला नाही. श्रेय एकट्या पाटीचं नाही. त्यांनी रस्तेही अरुंद केले, कॅमेरे लावले, बस-ट्राम नीट चालवल्या.

राहिला दंड. रुंद, सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, पाटीवर काहीही लिहा. उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग, आवळलेले चौक यांतलं काही न करता पाटी ठोकून पुढच्या झाडामागे मशिन घेऊन उभं राहायचं असेल, तर त्या मजकुराच्या शेवटच्या वाक्याशी माझंही भांडण नाही.